मेजाखालचं बोद

“उचला ते! आधी उचला! देवाच्या पवित्र मेजापाशी तंबाखू? बाहेर न्या म्हणतो ना, बाहेर!”

आमचे पाळकबाबा ओरडत होते. त्यांचा आवाज काय सांगावा! बेळगावच्या कॅम्पात ते ‘आमेन’ म्हणत तेव्हा टिळकवाडीतले वकील दार उघडून कोण पक्षकार आला ते बघत, असं मी ऐकलं होतं. निपाणीजवळच्या आमच्या खेड्यात त्यांची बदली झाली आणि पहिल्याच रविवारी माझी खात्री पटली. ते आत्तीवर असे ओरडले त्या सकाळी तर देवळाच्या कौलांवरची कबुतरं जी उडाली ती थेट तवंदीच्या घाटात जाऊन बसली, आणि त्यांतली निम्मी पुढं तिकडचीच झाली.

आत्ती म्हणजे एवढा मारा जिच्यावर चालला होता ती. बापाची थोरली बहीण. मला आत्ती, बाकी सगळ्या गावाला आक्का. ती मेजाच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती, पाठ आपल्या बोदाला टेकून, आणि पदरानं मान पुसत होती. नुसतं तिच्या तोंडाकडं बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई बाजारात एस्टीची वाट बघत बसलीय. अर्थात एस्टी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. वाट बघायची ती बैलगाडीची.

“उचलते की,” ती म्हणाली. “हात लावा.”

इथं पाळकबाबा अडकले.

बोद म्हणजे काय ते तंबाखूच्या मुलखाबाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे. वाळवून चुरलेली तंबाखू गोणपाटात गच्च दाबून भरायची आणि तोंड शिवून टाकायचं, ते बोद. वखारीतली मोठी बोदं चौघांना उचलत नाहीत. आत्तीचं लहानसंच होतं, म्हणजे चांगल्या पोसलेल्या रेडकाएवढं. असलं ओझं एकटीला डोक्यावर घेता येत नाही. एका बाजूनं दुसऱ्या कोणीतरी उचलून द्यावं लागतं. म्हणून आमच्या वस्तीतल्या पोरी चालायला लागल्या की आधी ‘आई’ म्हणायला शिकतात आणि मग ‘हात लाव’. रानात असो, वाटेत असो, ‘हात लाव’ म्हटलं की जो जवळ असेल त्यानं थांबायचं आणि उचलू लागायचं. भांडण असलं तरी. आमच्या दोन चुलत्या वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण ‘हात लाव’ आणि ‘हूं’ एवढं त्यांचं रोज चालायचं. या हाकेला नाही म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

त्या सकाळी पाहिला. पाळकबाबांनी आपले दोन्ही हात उंच धरले, जसं काही आत्ती त्यांना चावणार होती.

“आक्का, मी हात धुऊन आलो आहे. या हातांनी मला आज सगळ्यांची अर्पणं देवापुढे ठेवायची आहेत. या हातांनी मी तंबाखूला स्पर्श करू?”

“मग ऱ्हाऊ द्या,” आत्ती म्हणाली. “दुसरं कोन येईल त्याला सांगते. पर भाईर न्यायला न्हवं. मेजावर ठेवायला.”

मी कोपऱ्यात बाजाची पेटी पुसत होतो. मंडळीचा पेटीवाला मी. ती पेटी मला गळ्यात पडलेल्या बायकोसारखी होती. सूर कुठला, कधी द्यायचा, ते तीच ठरवायची. पुसता पुसता माझा हात थांबला. कारण मला माहीत होतं आत्तीचं काय अडलंय ते.

तो कापणीच्या सणाचा रविवार होता. वर्षाचं पीक घरात आलं की ज्याचं जे पहिलं निघेल ते देवळात आणायचं, ही आमच्या मंडळीची रीत. शाळवाची कणसं, गुळाच्या ढेपा, संकेश्वरी मिरच्या, भोपळे, अंडी, कोंबड्या. मेज आणि त्याच्या भोवतालची जमीन अशी भरून जायची की अनोळखी माणूस दारात येऊन भाव विचारायचा. त्यावर पाळकांनी आशीर्वाद मागायचा, की झालं. मग माणूस आपलं उरलेलं पीक मोकळ्या मनानं विकायला किंवा खायला मोकळा. आधी त्याचं, मग आपलं.

आत्तीनं अख्खा जन्म दुसऱ्यांच्या तंबाखूत घातला होता. दुसऱ्यांची लावली, दुसऱ्यांची खुडली, दुसऱ्यांच्या वखारीत चुरली. त्या वर्षी पहिल्यांदा तिनं एक पट्टी वाट्यानं केली होती. पट्टी म्हणजे काय, एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ‘सत्य’ म्हणता येईल एवढीच. पण तिची. पीक उभं असताना आळी पडली तेव्हा ती बांधावर गुडघे टेकून म्हणाली होती, देवा, हे राख, ह्यातलं पयलं बोद तुझं. आळी गेली. आत्ती म्हणायची देवानं घालवली. शेजारी म्हणायचा आत्तीनं एकेक वेचून मारली, मी बघितलंय. दोन्ही खरं असेल.

आता वाळलेली तंबाखू तिच्या खोपीत पडून होती. व्यापाऱ्याचा माणूस येऊन गेला, आत्तीनं त्याला परत धाडला. “आदी देवाचं जाऊंदे, मग तुजं बगू.” तो म्हणाला, “आक्का, दंव लागलं तर काळी पडंल.” ती म्हणाली, “पडू दे.” तेव्हा पहिलं बोद मेजावर गेल्याशिवाय तिची बाकीची तंबाखू हलणार नव्हती. आणि हलली नसती तर वर्षभराच्या राबण्याची राख. मी हे सगळं जाणून होतो, पण पेटीवाल्याला कोण विचारतो!

पाळकबाबांचीही बाजू होती, आणि ती मी मुद्दाम सांगतो, कारण माणूस मनानं फार चांगला. आमच्याकडं आल्यापासून त्यांनी एकच विषय धरला होता, देवाचं पावित्र्य. आम्ही ख्रिस्ती झालो खरे, पण आमच्या मंडळीची उपासना म्हणजे निम्मा बाजार होता. उपदेश चालू असताना पुरुष मळत, बायका मिसरी लावत, आणि प्रार्थनेच्या मधोमध कोणीतरी थुंकायला उठे. नव्या पाळकबाबांनी पहिल्या महिन्यात देऊळ चुन्यानं रंगवलं, दुसऱ्या महिन्यात आम्हाला रंगवायला घेतलं. दारात पाण्याची घागर आली. चूळ भरल्याशिवाय आत पाऊल नाही. आणि दारापुढच्या कडुनिंबावर खिळे आले. आपापली तंबाखूची चंची, म्हणजे दोरीची ती कापडी पिशवी, खिळ्याला अडकवायची आणि मग आत यायचं.

दर रविवारी तो कडुनिंब चंच्यांनी असा लगडायचा की आंबा लाजावा. पाळकबाबा त्याला पश्चात्तापाचं झाड म्हणत. पश्चात्ताप कसला? उपदेश लांबला की सगळ्या पुरुषांच्या माना सूर्यफुलासारख्या खिडकीकडं वळायच्या. एकदा एका बोकडानं दोन पायांवर उभं राहून खालच्या फांदीवरच्या सगळ्या चंच्या खाल्ल्या. तो बोकड संध्याकाळपर्यंत निपाणीच्या रस्त्यावर गाड्यांना अडवत होता आणि गाडीवानांना पुढच्या जन्माबद्दल काहीतरी सांगत होता, असं म्हणतात. मी स्वतः पाहिलं नाही, नाहीतर याहून बरं सांगितलं असतं.

आणि नेमकं त्या रविवारी बेळगावहून मिशनचे गोरे साहेब आणि मडमबाई आमची उपासना बघायला येणार होते. पाळकबाबांनी वर्षभर खपून शुद्ध केलेली मंडळी दाखवायची ती आज. आणि शुभ्र चादर घातलेल्या मेजाच्या पायाशी रेडकाएवढी तंबाखू!

“आक्का,” पाळकबाबांनी आवाज खाली आणला, म्हणजे आता तो फक्त गावापुरता राहिला. “तुम्ही दुसरं काहीही आणा. एक नारळ आणा. देव पवित्र आहे. त्याच्यापुढे अशुद्ध वस्तू कशी ठेवावी?”

“दुसरं काय आनू? माझ्या रानात नारळ लागला न्हाय. तंबाखू लागली.”

“मग ही बाहेर झाडाखाली ठेवा. तिथूनही देवाला पोचेल.”

तेव्हा आत्तीनं मान पुसायची थांबवली.

“भाईर बसायचं तर आदीच बसत हुतो की, बाबा. माझा आजा देवळाच्या भाईर लांब, उन्हात उभा ऱ्हाऊन हात जोडायचा. त्याचा नारळ बी भाईरच फुटायचा. हितं आत घेत्यात म्हनून आमी हितं आलो.” तिनं आपले दोन्ही तळवे पुढं केले. जन्मभराच्या तंबाखूनं ते काळपट तपकिरी झाले होते. “माझ्या हाताला बारा म्हैनं ह्योच वास. धुतला तरी जात न्हाय. तंबाखू भाईर, तर मग मी कुटं बसू त्येवढं सांगा.”

पाळकबाबा शास्त्राच्या पुस्तकाकडं वळले, ज्याचं त्यांना आज उपदेशासाठी पान काढून ठेवायचं होतं. वर्षभर ते एकच गोष्ट सांगत आले होते. फार पूर्वी एका संदेष्ट्याला मंदिरात देवाचं दर्शन झालं. उंच सिंहासन. भोवती सहा सहा पंखांचे सेवक. दोन पंखांनी तोंड झाकलेलं, दोहोंनी पाय, दोहोंनी उडतायत, आणि एकमेकांना हाका मारून सांगतायत, पवित्र, पवित्र, पवित्र. त्या आवाजानं उंबरे हादरले, मंदिर धुरानं भरलं, आणि संदेष्टा भिऊन म्हणाला की मी मेलो, मी अशुद्ध ओठांचा माणूस! पाळकबाबा दर वेळी इथवर यायचे, ‘अशुद्ध ओठ’ म्हणून आमच्याकडं असं बघायचे की आमचे ओठ आपोआप मिटत, आणि मग घागरीचा विषय निघायचा.

आत्तीलाही ते पाठ होतं. “त्यो अशुद्ध वटाचा माणूस,” तिनं विचारलं, “त्येला फुडं भाईर घातलं का देवानं?”

पाळकबाबांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात गावाच्या तोंडाशी मोटारीचा भोंगा वाजला.

मग जी धावपळ उडाली! आमच्या गावात मोटार म्हणजे हत्ती. कुत्री, पोरं, म्हातारी माणसं, एक वऱ्हाडाला निघालेली गाडीसुद्धा तिच्या मागं लागली. त्या गोंधळात आमचे पंच आत आले. पंच म्हणजे मंडळीतले वडीलधारे, सगळ्या भांडणांतला मधला माणूस, आणि एका कोंबड्याचे मालक. कोंबडा त्यांच्या काखेत होता. तांबडा, तुऱ्याचा, गळ्यात सोनेरी पिसं. त्यांचं सणाचं अर्पण. त्या कोंबड्याचा पंचांना एवढा अभिमान होता की देवाला देताना त्यांनी देवावर उपकारच केल्यासारखा चेहरा केला होता.

“बाबा, साहेब फाटकात हाय!” पंच म्हणाले. मग त्यांनी बोद बघितलं, आत्तीला बघितलं, पाळकबाबांचे वर धरलेले हात बघितले, आणि एका क्षणात न्यायनिवाडा केला. “आक्का, जरा सरक.” त्यांनी बोदाला पाय लावून ढकलत ढकलत मेजाखाली घातलं आणि चादर जमिनीपर्यंत ओढली. “झालं. देवाला दिसतंय, साहेबाला न्हाय.”

“मेजावर म्हनलं हुतं मी,” आत्ती म्हणाली.

“खालून ठेवलं म्हनून काय झालं? मेज त्येच की!”

पाळकबाबा साहेबांना आणायला धावले. आत्ती उठली आणि बायकांच्या पुढच्या रांगेत जाऊन बसली. तिनं एकदाही डोळे चादरीवरून काढले नाहीत. आणि पंचांनी आपला कोंबडा, सगळ्यांना नीट दिसावा म्हणून, सुतळीनं मेजाच्या पुढच्या पायाला बांधला.

आता कोंबडा म्हणजे कोंबडा. त्याला उकरायला जे मिळेल ते तो उकरणार, मग ते शेण असो की शास्त्र.

उपासना झक्क सुरू झाली. साहेब आणि मडमबाई पुढं खुर्च्यांवर. साहेब आधी धारवाडकडं होते, त्यामुळं त्यांचं मराठी कानडीच्या रस्त्यानं यायचं आणि वाटेत कुठंतरी मुक्काम करायचं. पण माणूस प्रेमळ. देऊळ गच्च. निपाणीपासूनचे पाहुणे आलेले. भिंतींचा चुना डोळ्यांत भरत होता, दार थंडीमुळं लोटलेलं होतं, आणि पुढं गुळाचा, मिरच्यांचा, नव्या धान्याचा वास. मला वाटतं, त्या वेळेपुरते पाळकबाबा बोद विसरले.

पण आत्तीचा सवाल ते विसरले नव्हते. उपदेशात सिंहासन आलं, पंख आले, उंबरे हादरले, धूर आला. ‘अशुद्ध ओठ’ आले. आम्ही सवयीनं ओठ मिटून घागरीची वाट बघत बसलो. ते पुढं गेले नाहीत. त्यांनी पुस्तकावर बोट ठेवलं. त्यांचं लक्ष आत्तीकडं गेलं, आत्तीचं मेजाकडं होतं.

“आणि त्या माणसाला,” ते सावकाश म्हणाले, “देवाने... बाहेर घातलं नाही.”

एवढं बोलून त्यांनी मला खूण केली आणि स्तुतीचं गाणं सुरू करायला सांगितलं. उपदेश असा मध्येच सोडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी भाता दाबला. मंडळी उभी राहिली आणि गायला लागली. पहिलंच ‘पवित्र’ असं दणक्यात उठलं की मेजाखाली आधीच घुसलेला पंचांचा कोंबडा दचकला.

तो किती वेळ तिथं खपत होता देव जाणे. बोदाचं शिवलेलं तोंड त्यानं चोचीनं नि नखांनी चांगलं उसवून ठेवलं होतं. दचकला तसे त्यानं पंख झाडले. चादरीखालून एक लहानसा तपकिरी ढग बाहेर आला. दुसऱ्या ‘पवित्र’ला त्यानं आणखी जोरात झाडले. तिसऱ्याला त्याला कळलं की आपला एक पाय बांधलेला आहे, आणि मग त्यानं जे केलं त्याला उडणं म्हणत नाहीत. ती वावटळ होती. चादर फुगली, मेज हललं, आणि चुरलेल्या तंबाखूची ती बारीक धूळ, जी वखारीत जन्म काढलेल्या बाईलाही रडवते, ती मंदिरात आढ्यापर्यंत भरली.

पहिली शिंक साहेबांची. ती इंग्रजीत होती. त्यानंतर भाषा उरली नाही. मंडळी गात होती आणि शिंकत होती, ‘प’वर सूर आणि ‘त्र’वर शिंक; आणि खोटं सांगत नाही, दाराचा उंबरा हादरला. मी त्या उंबऱ्यावर दुसऱ्या दिवशी तडा बघितला. कोणी म्हणतं तो आधीपासूनच होता, म्हणोत. बाजाच्या पेटीनं आपल्या भात्यात एवढी तंबाखू ओढली की पुढं कैक महिने पहिला सूर द्यायच्या आधी ती स्वतः शिंकायची.

आणि बायका? बायका वखारीतल्या. धूळ उठली की त्यांच्या हातांना सांगावं लागत नाही. सगळ्या रांगांनी एकाच झटक्यात पदर वर घेतले आणि तोंडं झाकली, फक्त डोळे उघडे, आणि पदराआडून गाणं चालूच. पुरुषांनी पटक्याचे शेव तोंडावर ओढले. खुर्चीवरून मागं वळून बघितलं असेल तर मडमबाईंना काय दिसलं असेल! धुरानं भरलेलं मंदिर, त्यात तोंडं झाकून उभी असलेली सगळी मंडळी, प्रत्येकाच्या डोळ्यांतून धारा, आणि ‘पवित्र, पवित्र’. मडमबाईंनी घाईघाईनं आपली हॅट तोंडावर धरली. शिंक आवरायला की भक्तीनं, ते मी सांगू शकत नाही. मला दिसलं तेवढं मी सांगतो.

“पानी मारा!” मागून आठ-दहा जणांनी एकदमच ओरडून सांगितलं. वखारीत धूळ बसवायची ती अशीच. दारातली चूळ भरायची घागर हातोहात पुढं आली. आत्ती तोवर मेजापाशी पोचली होती. तिनं एका हातानं पंचांच्या कोंबड्याला मानेला धरून बाजूला केलं, चादर वर फेकली, ओंजळीओंजळीनं पाणी शिंपडलं, आणि बोदाचं फाटलेलं तोंड मुठीत आवळून आपल्या पदराच्या काठाची चिंधी फाडून बांधलं. ढग खाली बसायला लागला.

मग ती उभी राहिली नाही. गुडघ्यांवरच राहिली, दोन्ही हात बोदाखाली घालून. बोद ओलं झालं होतं, आधीपेक्षा जड. तिनं ते थोडं उचललं आणि ते परत टेकलं. गाणं थांबलं होतं. शिंकासुद्धा थांबल्यासारख्या झाल्या. तिनं डोळे मिटले, आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली. मंडळीतल्या प्रत्येकाला दिसलं, ऐकू कोणालाच आलं नाही.

मी पेटी सोडून उठणार होतो. पंचही निघाले होते, एका काखेत कोंबडा कोंबून. पण आमच्या दोघांच्या आधी पाळकबाबा खाली वाकले. डोळे लाल, नाकातून पाणी, पांढरा झगा तपकिरी. ते धुतलेले हात त्यांनी बोदाच्या दुसऱ्या बाजूला घातले.

“हं,” ते म्हणाले. इतक्या हळू की आवाज त्यांचाच आहे हे कळायला मला वेळ लागला.

दोघांनी मिळून बोद वर घेतलं आणि मेजावर ठेवलं, शुभ्र चादरीच्या मधोमध, गुळाच्या आणि मिरच्यांच्या शेजारी. मेज करकरलं. आत्ती आपल्या जागी जाऊन बसली. पाळकबाबांनी आपल्या हातांकडं बघितलं. ओल्या तंबाखूनं ते मनगटापर्यंत काळे झाले होते. घागर शेजारीच होती, तिच्यात पाणीही होतं. त्यांनी घागरीकडं बघितलं, आणि तेच हात तसेच वर करून सगळ्या अर्पणांवर आशीर्वाद मागितला. अगदी थोडक्यात. कौलांवर जी दोन-चार कबुतरं परत आली होती ती त्या प्रार्थनेला बसून राहिली.

मी पाहिलेल्या उपासनांत तशी दुसरी नाही. नंतर मी मोठमोठ्या देवळांत गेलो, रंगीत काचांच्या, घंटांच्या. तिथं सगळं शांत असतं. देवाचा धाक तिथंही वाटतो, नाही असं नाही. पण देव आपल्या इतका जवळ आलाय की आता शिंक येईल, असं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

उपासना सुटल्यावर सगळे कडुनिंबाखाली जमले. चंच्या उतरवून घ्यायची कोणालाच घाई नव्हती. त्या दिवसापुरती सगळ्यांची हौस भागली होती. साहेब डोळे पुसत पुसत पाळकबाबांचे काळे हात हातात घेऊन हलवत होते. “भाळ छलो! भाळ छलो!” म्हणजे लई चांगलं झालं. अशी तोंडं झाकून, अश्रू गाळून भक्ती करणारी मंडळी त्यांनी धारवाडपासून कुठं पाहिली नव्हती म्हणे. पाळकबाबा प्रामाणिक माणूस. त्यांनी सांगायचा प्रयत्न केला, “साहेब, ती तंबाखू...” पण साहेबांना पुन्हा शिंक आली आणि ते राहूनच गेलं. व्यापाऱ्याचा माणूस तेवढ्यात फाटकाशी येऊन उभा होता, आणि आत्ती त्याला बोटानं खोपीची वाट दाखवत होती. आता तिची तंबाखू मोकळी होती.

मडमबाईंना मात्र एक गोष्ट जाणून घ्यायची होती. ती म्हातारी बाई ओझ्यापाशी गुडघे टेकून जी प्रार्थना म्हणाली ती कोणती? त्यांना ती आपल्या देशातल्या बायकांना सांगायची होती. साहेबांनी ते पाळकबाबांना सांगितलं. खरं तर पाळकबाबांनाही तेच विचारायचं होतं, मला ते त्यांच्या चालण्यावरून कळलं. ते आत्तीपाशी आले.

“आक्का,” ते म्हणाले, “आज माझ्या डोळ्यांवरचं बरंच काही गेलं. वर्षभर मी देवाच्या पावित्र्यावर बोललो, पण तुम्ही मेजापाशी डोळे मिटलेत तेव्हा मला वाटलं, मी इतके दिवस दाराबाहेरच उभा होतो. तेव्हा तुम्ही देवाला काय म्हणालात? कोणते शब्द होते?”

आत्तीनं व्यापाऱ्याच्या माणसाला थांब अशी खूण केली आणि मागं वळली.

“हात लाव म्हनलं,” ती म्हणाली. “जड हुतं.”